कुलचिन्ह साऱ्या संस्थेत एकमेव असावे, हा आग्रह कितपत मध्ययुगीन आहे?

माळरान:
मध्ययुग हौसेने जगून पाहणारी ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ (एससीए) ही संस्था १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झाली. तिचे सभासद सतराव्या शतकापूर्वी शोभेल असे नाव आणि कुलचिन्ह घेऊन वावरतात, आणि ही दोन्ही संस्थेच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे, म्हणजे तिच्या नोंदणी विभागाकडे, नोंदवता येतात. नावाला त्या काळाचा लेखी पुरावा मागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आक्षेप आहे तो चिन्ह एकमेव असण्याच्या अटीला. सोनेरी ढालीवरचा लाल सिंह आधीच कुणाच्या नावे असेल, तर ढाल रुपेरी करून भागत नाही. तो एकच फरक धरला जातो आणि साधारणतः दोन लागतात. जन्मात गाठ न पडणाऱ्या माणसाच्या सिंहापायी नवख्याचा अर्ज परत यावा, यात मध्ययुगीन काय आहे?

पारिजात:
माळरान, आपण इतिहासाची एकच बाजू पाहत आहात. १३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या स्कॉटलंडवरील स्वारीत रिचर्ड स्क्रूप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर हे दोघेही निळ्या ढालीवर तिरका सोनेरी पट्टा मिरवताना आढळले आणि प्रकरण कोर्ट ऑफ शिव्हलरीत, म्हणजे कुलचिन्हांचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयात, कित्येक वर्षे चालले. साक्षीदारांत कवी चॉसरही होता. निकाल स्क्रूपच्या बाजूने लागला आणि ग्रोव्हनरला निराळे चिन्ह घ्यावे लागले. एका पट्ट्यासाठी माणसे इतकी झुंजली, ती उगाच नव्हे.

माळरान:
तोच खटला माझ्या बाजूने बोलतो. कॉर्नवॉलच्या कारमिनो घराण्याकडेही हाच पट्टा होता आणि स्क्रूपशी त्यांचा वाद झाला, तेव्हा दोघांनाही तो ठेवू देण्यात आला. म्हणजे एकच चिन्ह देशात अनेक ठिकाणी नांदत होते. भांडण पेटे ते छावणीत समोरासमोर आल्यावर. कुलचिन्हांची नोंद ठेवणाऱ्या लंडनच्या खऱ्या कॉलेज ऑफ आर्म्सला पहिली सनदच १४८४ ची, म्हणजे या खटल्यानंतरची आहे. तेव्हा एससीएनेही साम्य फक्त त्या त्या ‘किंग्डम’पुरते, म्हणजे आपल्या प्रादेशिक विभागापुरते, तपासावे.

सांजवात:
आपली ही सूचना पेन्सिकमध्ये टिकणार नाही. पेन्सिल्व्हेनियात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या त्या मेळाव्याला सगळ्या किंग्डममधून हजारो लोक येतात, म्हणजे आपण म्हणता ती समोरासमोरची छावणीच तिथे प्रत्यक्ष उभी राहते, आणि शिरस्त्राणाआड चेहरा दिसत नसताना ढालीवरूनच माणूस ओळखायचा असतो. शिवाय मूळ धारकाने लेखी संमती दिली, तर एका फरकावरही नोंद होते. नोंदणीची सक्ती मुळीच नाही, हे तर आपण सोडूनच दिलेत.

माळरान:
पेन्सिकचा मुद्दा मान्य आहे. मात्र संमती द्यायला धारक सापडायला हवा ना! संस्था सोडून गेलेल्यांच्या नोंदीही, त्यांनी स्वतः सोडून दिल्याखेरीज, कायम राहतात. निदान त्यांच्यापुरती तरी एका फरकाची मुभा असावी.