राजकोटहून जुना लेथ मागवायचाय, जयसिंगपूरला आणायचा कसा?

जयसिंगपूरकर:
राजकोटच्या डीलरचा सहा फुटी जुना लेथ (धातू कातायचं मशीन) ऑनलाइन बघून पक्का केलाय. दीड लाख, वर जीएसटी. वजन अकराशे किलो सांगतोय. गाडीत चढवून देणार, पुढचं सगळं माझ्याकडे. पार्ट लोडवाला (एका ट्रकमध्ये अनेकांचा माल नेणारा) कोल्हापूरच्या गोडाऊनपर्यंतच आणतो. फुल गाडीचा दर ऐकून घाम फुटला. त्यात शेड गल्लीत. पिकअप कशीबशी शिरते, हायड्रा क्रेन नाहीच.

फिटरमामा:
पार्ट लोड नको रे बाबा. वाटेत गाडी बदलली की हमाल पहार घालणार, तीही नेमकी लीड स्क्रूखाली, म्हणजे पुढच्या लांब आट्यांच्या दांड्याखाली. हेडस्टॉककडं (डावीकडच्या गिअरच्या पेटीकडं) वजन जास्त, म्हणून लेथ उचलताना कलंडतो. कॅरेज नि टेलस्टॉक हे बेडवर (लांब ओतीव पाटावर) सरकणारे भाग उजव्या टोकाला सरकवून लॉक करायला सांग. पट्टा बेडखालून घ्यायचा, लीड स्क्रूला टेकू द्यायचा नाही, मध्ये लाकडी गुटका. पाय जाड लाकडी ओंडक्यांना बोल्टनं आवळून घे. बेडला ग्रीस. चढवतानाचा व्हिडिओ मागव, फोटोवर भागवू नकोस.

गल्लीचं सोपं आहे. हमरस्त्यावर हायड्रानं ट्रकमधून पिकअपमध्ये घ्यायचा. छोटा हत्ती बोलावू नकोस, वजन झेपायचं नाही. शेडपाशी उंच तिकाटणं (तीन पायांची घोडी) नि त्याला दोन टनी चेन पुली (साखळी ओढून वजन उचलायची). लेथ चार बोटं वर उचलून धरायचा, पिकअप खालून पुढं काढायची, मग सावकाश खाली. पुढं पाइपांवर लोळवत आत. पुली शेडच्या कैचीला (छपराच्या सांगाड्याला) अडकवायची नाही! कैची पत्रे पेलायला असते. आणि लेथ अधांतरी असताना खाली कुणी हात-पाय घालायचा नाही, मालकानंसुद्धा.

बिल्टीवाले:
मामांशी सहमत, पण फुल गाडी म्हणजे तुमच्यासाठी खास निघालेली गाडीच हवी असं नाही. कोल्हापूरकडं परतीला निघालेली गाडी बघा, रिकामं येण्यापेक्षा ड्रायव्हर कमी भाड्यात तयार होतो. फक्त 'मध्ये माल उतरवायचा नाही' हे आधीच बोलून घ्या. वाराई, म्हणजे चढवण्या-उतरवण्याची हमाली, कोणाकडं तेही.

माल पन्नास हजारांच्या वरचा, म्हणजे ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागणारच. डीलरकडून पक्कं बिल घ्या. ई-वे बिलाला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते, हजार किलोमीटर धरले तर पाच दिवस. गाडी बदलली तर त्याच्या पार्ट बी मध्ये (गाडीच्या माहितीच्या भागात) नवा नंबर चढवायला हवा, नाहीतर चेकिंगला अडकाल.

जयसिंगपूरकर:
परतीच्या गाडीचं डोक्यातच नव्हतं. विम्याचं काय? ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, "बिल्टी आहे की."

बिल्टीवाले:
बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टनं माल घेतल्याची पावती, विमा नव्हे. त्यावर बहुतेक वेळा 'मालकाच्या जोखमीवर' छापलेलं असतं, वाचून बघा. ट्रान्झिट (वाटेतला) विमा वेगळा काढा. जुन्या मशीनला काय काय वगळलंय ते एजंटला आधी विचारा, आणि चढवणं-उतरवणं त्यात धरलंय का तेही.

फिटरमामा:
हेडस्टॉकमधलं ऑइल तिथंच काढायला लाव. आणि चक, बदलीचे गिअर, स्टेडी असे सुटे भाग एका पेटीत भरून पेटी बिलावर लिहून घे. सुटा माल वाटेतच गायब होतो.