ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये सुकट: हक्क की आगाऊपणा?

मूळचा_अलिबागी
आधीच सांगून टाकतो, मी मासेखाऊ आहे, आणि तोही साधासुधा नाही, १ जूनला बोटी बंद झाल्या की ६१ दिवस सुकट, बोंबील आणि सोड्यांवर काढणाऱ्या घरातला. त्यामुळे मला कोणी शाकाहारवाला म्हणून झोडू नका. पण माझं मत आहे की शेअर्ड ऑफिसात सुकं मासं गरम करू नये म्हणजे नये. आमचं ऑफिस ऐरोलीत, एका फ्लोरवर चाळीसेक माणसं, खिडक्या उघडतच नाहीत, मायक्रोवेव्ह एकच आणि तो माझ्या डेस्कपासून सहा पावलांवर. गेल्या मंगळवारी टीममधल्या नवीन मुलीने बोंबलाचं कालवण तीन मिनिटं लावलं, झाकण न ठेवता, आणि साडेचारच्या क्लायंट कॉलपर्यंत वास होता. बुधवारी मायक्रोवेव्हवर चिठ्ठी आली, 'कृपया येथे मासे गरम करू नयेत.' संध्याकाळपर्यंत त्याखाली कोणीतरी पेनाने लिहिलं, 'मग काय गार करायचे?' हसलो मी पण. तरी मुद्दा राहतोच ना, हवा सगळ्यांची आहे. घरी तव्यावर काय भाजायचं ते भाजा.

आंबोळी
+१. डबा तुमचा, नाक आमचं.

८_१२ची_स्लो
हो का? मग ही नियमावली हिंगाच्या फोडणीला पण लावा, मुळ्याच्या भाजीला लावा, आमच्याकडे एक जण रोज पॉपकॉर्न जाळतो त्याला लावा, आणि जो साहेब सकाळी डिओची अंघोळ करून येतो त्याला तर पहिल्यांदा लावा. त्यांच्यासाठी चिठ्ठी कधी लागलेली बघितली नाही मी. मॅनर्सची आठवण फक्त माशाच्या वेळेलाच कशी होते बरं? शिळ्या लसणाच्या चटणीचा डबा उघडला की 'वा, गावाकडची आठवण आली' आणि बोंबील उघडला की 'ई'. ज्याला सवय आहे त्याला सुगंध, ज्याला नाही त्याला दुर्गंध, इतकंच आहे ते.

मूळचा_अलिबागी
@८_१२ची_स्लो पॉपकॉर्नवाल्याला मी तोंडावर बोललोय, त्यामुळे तो मुद्दा माझ्यावर लागू नाही. आणि अहो फरक आहे वासावासात, हिंग दहा मिनिटांत विरतं, बोंबील पडद्यात जाऊन बसतो.

नुसतं_वरण
मी शुद्ध शाकाहारी आहे, बोलू का नको असा विचार करत होते कारण अशा चर्चेत आम्ही तोंड उघडलं की लगेच जात निघते. मला कोणी काय खावं याच्याशी देणंघेणं नाही, शेजारी बसून कोणी चिकन खाल्लं तरी मी माझी पोळीभाजी खाते. पण प्रेग्नन्सीत तिसऱ्या महिन्यात मला या वासाने दोनदा वॉशरूमकडे पळावं लागलं आणि मी कोणाला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर मीच संकुचित ठरले असते. शरीराला मळमळतं ते पण राजकारण का?

८_१२ची_स्लो
@नुसतं_वरण ताई, तुमचं म्हणणं एकदम मान्य, अशा वेळी नुसतं सांगितलं तर कोणीही डबा गार खाईल, मी तरी खाईन. पण 'मला त्रास होतोय, आज नको प्लीज' वेगळं आणि कायमची पाटी वेगळी. पाटीचं पुढे काय होतं ते आयआयटी मुंबईत २०२३ ला दिसलं, मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी सहा टेबलं राखीव केली आणि विरोध करणाऱ्या पोराला १० हजार दंड. सुरुवात 'काहींना वास सहन होत नाही' अशीच असते.

आंबोळी
मायक्रोवेव्हवरून थेट आयआयटी. जरा दम खा.

खाडीकाठची
मी इथली, ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्याची. तुमच्या काचेच्या बिल्डिंगा नव्हत्या तेव्हापासून आमची लोकं या खाडीवर आहेत. ओहोटी लागली की खाडीचा वास तुमच्या पार्किंगपर्यंत येतो, तेव्हा कोणाला मेल टाकता हो? फ्लेमिंगो बघायला येता तेव्हा तोच चिखल छान वाटतो. माझ्या आजीने माशांची टोपली घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यातून अर्धं आयुष्य काढलं, चुकून दुसऱ्या डब्यात चढली की बायका नाकाला पदर लावायच्या. मी शिकले, कॉम्प्युटरवर बसले, आता माझ्या डब्यावर चिठ्ठी. मी कधीच गरम करत नाही, गुपचूप गार खाते, आणि मला ते मॅनर्स वाटत नाहीत, भीती वाटते. अलिबागी दादा, तुमच्या टीममधल्या त्या मुलीला कोणी समोर जाऊन बोललं का, की सगळ्यांनी चिठ्ठीच वाचली?

मूळचा_अलिबागी
@खाडीकाठची नाही बोललो. खरं सांगायचं तर मी नाही बोललो कारण मला लाज वाटली, आपलाच माणूस आणि आपणच नाक मुरडायचं. चिठ्ठी मी लावली नाही, पण काढली पण नाही. ती पोरगी त्या दिवसापासून डबाच आणत नाही, खालून सँडविच आणते.

८_१२ची_स्लो
म्हणजे नवीन पोरीचा डबा बंद केलात आणि इथे आम्हाला हक्क की आगाऊपणा विचारताय. वाह.

आंबोळी
असं पण नका बोलू, झाकण न ठेवता तीन मिनिटं कालवण लावणं चूकच आहे, ते मासे असोत नाहीतर रस्सा. आत सगळं उडतं आणि पुढच्याने काय, पुसत बसायचं? आमच्याकडे मायक्रोवेव्हचं काचेचं ताट गेल्या दिवाळीपासून कोणी धुतलेलं नाही, त्यावर कोणी वाद घालत नाही. बाय द वे, सुकटीची चटणी गार भाकरीबरोबरच चांगली लागते, गरम केली की चिवट होते.

डक्टवाला
एसीच्या लाईनीत पंधरा वर्षं झाली म्हणून सांगतो, तुम्ही सगळे माणसांवर भांडताय, चूक प्लॅनची आहे. समुद्राचा मासा, वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमीन नावाच्या रसायनाचा, गरम केलं की उडतो. आणि छतातली कॅसेट एसी बाहेरची हवा घेतच नाही, आतलीच हवा ओढून थंड करून परत सोडते, म्हणून पॅन्ट्रीतला बोंबील मीटिंग रूमपर्यंत जातो. पॅन्ट्रीला स्वतःचा एक्झॉस्ट पाहिजे, म्हणजे हवा फ्लोरवरून पॅन्ट्रीत जाईल, उलटी येणार नाही. आर्किटेक्ट लोक पॅन्ट्री ओपन ठेवतात, फोटोत छान दिसते. तोवर झाकण ठेवा, आणि नंतर वाटीत पाणी आणि लिंबाच्या फोडी टाकून दोन मिनिटं लावा. त्या अमीनवर आंबट चालतं, कालवणात कोकम उगाच नाही घालत.

नुसतं_वरण
@डक्टवाला हे पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं. एक्झॉस्ट असता तर मला पळावं लागलं नसतं आणि कोणाला गार खावं लागलं नसतं.

खाडीकाठची
लिंबू बरोबर. पण दादा, लिंबाची वाटी कोण लावणार? मासे आणणारीच ना? पॉपकॉर्नवाल्याला सांगा जरा.

मूळचा_अलिबागी
अपडेट. आज ॲडमिनला एक्झॉस्टचं विचारलं, म्हणाला जागा भाड्याची आहे, काचेला भोक पाडायला मालक परवानगी देणार नाही. झाकण मात्र येताना मीच घेऊन आलो, प्लास्टिकचं, भोकांवालं. चिठ्ठी काढून टाकली. त्या मुलीला सांगितलं, डबा आण, झाकण ठेव. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'नको सर, सँडविच बरं आहे.' माझं मूळ मत अजून तेच आहे, बंद फ्लोरवर सुकं मासं गरम करू नये. पण हे तिला मी पहिल्याच दिवशी, सुक्याचा भाव विचारता विचारता सांगायला पाहिजे होतं.

८_१२ची_स्लो
आता परवा तुम्हीच बोंबील घेऊन जा आणि सगळ्यांसमोर गरम करा. बघू चिठ्ठी येते का.