प्रतापगड : एका दिवसात जमेल, पण मेढ्यावरून या

आईंचे गुडघे दुखतात, तरी साताऱ्याहून एका दिवसात प्रतापगड करावा का, असं तुम्ही विचारलंय. करा की! फक्त वाई-पाचगणीच्या नादी लागू नका. सहाला निघून मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर गाठा आणि आंबेनळी घाटाने खाली उतरा. रविवार मात्र टाळा. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर गडापेक्षा पार्किंगच जास्त वेळ बघितलं.

गाडी बरीच वर जाते, पण पुढे पायऱ्या आहेतच. आईंना भवानीच्या देवळापर्यंत हळूहळू न्या, तिथे सावलीत बसवा. बालेकिल्ला, केदारेश्वर आणि 1957 साली नेहरूंनी अनावरण केलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा तुम्ही बघून या.

महादरवाजापाशी जरा थांबाच. बुरुजांच्या आड तो असा दडवलाय की वळण घेईपर्यंत दिसत नाही. मग माचीवरून खाली जावळीचं रान बघा. 10 नोव्हेंबर 1659 ला खानाची फौज तिथे का अडकली, ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

पायऱ्या झेपणारच नसतील तर सज्जनगड? छे, तिथेही पायऱ्याच! उतरल्यावर पिठलं-भाकरी खा, स्ट्रॉबेरी क्रीम परतताना.