आमच्या टॅक्सच्या पैशातून

ए-104 : जिना झाडणाऱ्या मावशींच्या मिस्टरांचा संजय गांधी निराधार योजनेचा, म्हणजे राज्याच्या महिन्याच्या मदतीचा फॉर्म भरायचाय, शुगरमुळे पाय काढला तेव्हापासून घरीच आहेत, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड आलंय पण उत्पन्नाचा दाखला राहिलाय, उद्या तहसीलला कोणी येतंय का सोबत

सी-401 : येऊ शकत नाही, सॉरी. पण एक बोलू का, राग नको. मार्चची सॅलरी स्लिप बघितली की पोटात गोळा येतो, टॅक्स आम्ही भरायचा आणि सगळ्यांच्या पेन्शनी त्यातून

बी-302 काका : अगदी बरोबर!! फुकट वाटप चाललंय नुसतं

ए-104 : काका, तुम्ही पाटबंधारेतून 2009 ला रिटायर झालात ना, पेन्शनसाठी पगारातून कधी काही कापलं होतं का

बी-302 काका : जीपीएफ (सरकारी नोकरांचा पीएफ) कापायचे की

ए-104 : जीपीएफ तुमचाच होता, व्याजासकट हातात आला. पेन्शन वेगळी, ती दर महिन्याला राज्याच्या तिजोरीतून येते, म्हणजे आत्ता जो कर जमा होतोय त्यातून. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांच्या पगारातून पेन्शनसाठी 10 टक्के कापतात, तुमच्या वेळी ती भानगडच नव्हती

बी-302 काका : 33 वर्षं नोकरी केलीय, भीक नाही मागितली कोणाकडे

ए-104 : मग मावशी तरी कुठे मागतायत

डी-203 : आमचं प्रायव्हेटवाल्यांचं तिसरंच. कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 ईपीएसला (पीएफवाल्यांचा पेन्शन फंड), तेही 15,000 पगारावरच धरून, म्हणजे 1250. पासबुकात पेन्शनच्या कॉलमला व्याजच दिसेना, मला वाटलं एरर आहे, तर तो सगळ्यांचा एकत्र गल्ला निघाला, आपल्या नावाचं खातं नाहीच. सरकार त्यात 1.16 टक्के घालतं आणि किमान पेन्शनला कमी पडलं तर भर घालतं, तेवढाच काय तो टॅक्सचा पैसा. किमान पेन्शन 2014 पासून 1000 😐 एक बरंय, नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शनसाठी 10 वर्षं नोकरीची अट नाही

सी-401 : मग मावशींच्या मिस्टरांना ते नाही का मिळणार?

ए-104 : बिगारी होते हो, रोजचे पैसे रोज, पीएफ कोण कापणार. म्हणून तर राज्याकडून, दिव्यांगांना आता 2500 झालेत, आधी 1500 होते. आणि टॅक्स म्हणाल तर काल मावशींनी 299 चा रिचार्ज मारला त्यात 45 रुपये जीएसटी गेला, त्यांना स्लिप मिळत नाही एवढंच

बी-302 काका : रेशनकार्ड ओरिजिनल घ्या, नुसत्या झेरॉक्सवर परत पाठवतात. 11 नंतर तिथे टेबलावर कोणी भेटत नाही. 10 ला गेटवर थांबतो, रिक्षाचे पैसे अर्धे अर्धे