पदक नसलेल्यांचं काय?

कुणीतरी लिहिलंय, गाव फक्त पदकवाल्या सैनिकांनाच लक्षात ठेवतं. मला पूर्ण पटलं नाही. नागपूरशेजारच्या कामठीत 1821 पासून लष्करी छावणी आहे, गार्ड्सचं (पायदळातली एक रेजिमेंट) रेजिमेंटल सेंटर आहे. माजी सैनिक गल्लोगल्ली. आमच्या सुभेदारकाकांना 1971 च्या युद्धाबद्दल विचारलं की विषय बदलायचे. पण नोव्हेंबर आला की फॅमिली पेन्शनवाल्या काकू-आज्यांना घेऊन बँकेत हजर! हयातीचा दाखला, मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून कारकुनाशी वाद, सगळं तेच निस्तरायचे. पहाटे भरतीवाली पोरं 1600 मीटर धावायची आणि हे स्टॉपवॉच घेऊन ओरडायचे, "अबे, पाय चालव, तोंड नको!" सत्कारबित्कार कधी झाला नाही (झाला असता तरी गेले नसते). काका गेल्यापासून बँकेचा तो कारभार त्याच पोरांतला एक, आता स्वतः निवृत्त हवालदार, बघतो.