मदत हवी आहे: भाऊ प्रोबेशनवर, त्यात व्यसन आणि डिप्रेशन

धाकटा भाऊ कोर्टाच्या देखरेखीखाली आहे. डिप्रेशनची गोळी चालू, शिवाय गर्द (हेरॉईनची नशा) सोडवायला ब्यूप्रेनॉर्फिन हे औषध. रात्रीच्या गोळीने सकाळी डोळा उघडत नाही आणि हजेरी नेमकी सकाळीच. उशीर झाला की लगेच 'सहकार्य करत नाही' असा शेरा.

प्रोबेशन अधिकारी तसे बरे आहेत, पण ब्यूप्रेनॉर्फिन म्हणजे दुसरी नशाच, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते बंद झालं आणि हा पुन्हा गर्दकडे वळला, तर शरीराची सहनशक्ती उतरल्यामुळे जुन्याच मात्रेने जीव जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलंय. हे कोर्टापुढे कसं मांडायचं? डॉक्टरांच्या पत्रात नेमकं काय लिहून घ्यावं? हजेरीची वेळ बदलून घेता येते का?

यातून गेलेल्यांनी कृपया सांगा. 'घराबाहेर काढा' हा सल्ला नको, तो नातेवाईकांकडून भरपूर मिळालाय.