सोशल वर्कची व्याख्या प्रत्येकजण वेगळी का सांगतो?

प्रश्न: सोशल वर्क शिकतेय. एक सर म्हणतात समुपदेशन, मॅडम म्हणतात हक्कांसाठी लढा, मग नक्की काय धरायचं?

उत्तर १: अगं सुरुवातच दोन्हीकडून झालीय. अमेरिकेत या कामाचा पाया घालणाऱ्यांपैकी मेरी रिचमंड एकेका कुटुंबाची केस खोलात समजून घ्यायच्या, आणि जेन ॲडम्स यांनी १८८९ ला शिकागोत हल हाऊस हे वस्तीतलं सेवाकेंद्र काढून वस्तीची परिस्थितीच बदलायला घेतली.

उत्तर २: नोकरी कुठे आहे त्यावर पण असतं ना, हॉस्पिटलमधली सोशल वर्कर डिस्चार्जनंतर पेशंटकडे कोण बघणार ते ठरवते, संघटनेतला मोर्चा काढतो, रोज जे करतो तेच मुख्य वाटतं.

उत्तर ३: सोशल वर्कर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनांची २०१४ ची जागतिक व्याख्या वाच, प्रदेशानुसार भर घालायची मुभा त्यातच दिलीय. फक्त मानवी हक्कांचा भाग कुणी गाळू नये, प्लीज.